भाता, एकतारी आणि चार आवाज

पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या चर्चमध्ये अभंगाची चाल ऐकू आली, तर त्यात नवल वाटायचं कारण नाही. भीमेच्या काठी ज्याचा कान घडला, त्याच्या तोंडी दुसरं काय येणार? नवल आहे ते पुढच्या गीताचं. पाळकसाहेब नुसता आकडा सांगतात, मंडळी ‘उपासना संगीत’ची पानं उलटते, आणि झांज-तबल्यावर रंगलेलं गाणं संपून पेटीवर किंवा ऑर्गनवर एखादी दीड-दोनशे वर्षांपूर्वीची विलायती चाल सुरू होते. माणसं तीच, पुस्तक तेच, भाषाही तीच. मघाशी मांडीवर ठेका धरून बसलेले आजोबा आता ताठ उभे राहून गात असतात. आपण एका संगीतातून दुसऱ्या संगीतात उडी घेतली, हे कुणाच्या गावीही नसतं.

सोलापूर, नगर, पुणे, मुंबई अशा सगळ्या पट्ट्यातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांना ही उडी पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडली आहे. ती इतकी सहज का झाली, याचा शोध घेताना वाद्यांची कुंडली मांडून बसलं की माणूस फसतो. हे विलायती, ते देशी, हे उच्च, ते गावठी, अशी विभागणी फार पुढे जात नाही. उपासनेच्या वेळी चर्चमध्ये जमलेले गळे शिकलेले नसतात. त्यात म्हातारे असतात, पोरं असतात, सुरात गाणारे चार आणि मनापासून गाणारे चाळीस असतात. या सगळ्यांना एका सुरावर धरून ठेवणं हे वाद्याचं काम. ज्याला ते जमलं ते टिकलं. ज्याला जमलं नाही, ते कितीही पवित्र असो, भिंतीकडेला गेलं.

पहिलं उदाहरण ऑर्गनचंच घेऊ. हे चर्चचं जन्मजात वाद्य अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या क्टेसिबिअस नावाच्या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबाने हवा कोंडून नळ्या वाजवण्याची युक्ती काढली, तेव्हा चर्चचा पत्ताच नव्हता. रोमन लोकांनी हे यंत्र आखाड्यात नेलं. तिथे झुंजींच्या गदारोळात ते वाजायचं. सुरुवातीच्या ख्रिस्ती आचार्यांना वाद्यांचा तिटकारा होता, तो या आखाड्यांमुळे आणि तिथल्या रंगढंगांमुळेही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बहुतेक ठिकाणी नुसत्या गळ्यावर उपासना चालते. 757 मध्ये बायझंटाइन सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन याला एक ऑर्गन पाठवला, तोही दरबारी नजराणा म्हणून. तिथून मठ आणि मठांतून चर्च, असा प्रवास व्हायला आणखी काही पिढ्या गेल्या.

बरं, एकदा चर्चमध्ये शिरल्यावर तरी त्याला सुखाने बसू दिलं असेल, तर तेही नाही. 1713 मध्ये बोस्टनच्या थॉमस ब्रॅटल या गृहस्थाने मृत्युपत्रात आपला ऑर्गन ब्रॅटल स्क्वेअर चर्चला दिला. चर्चने तो नाकारला. देवाच्या घरात पिपाण्या नकोत, असा त्या प्युरिटन मंडळींचा खाक्या होता. मग तो ऑर्गन जवळच्या अँग्लिकन किंग्ज चॅपलमध्ये गेला. बरोबर शंभर वर्षांनी, 1813 मध्ये, याच न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल परंपरेतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईला पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. 1831 मध्ये मिशनने नगरला ठाणं केलं. सोलापूरला रेल्वे 1860 मध्ये आली आणि त्याच दशकात मिशनचं कामही इथे रुजू लागलं. तेव्हा तिकडे एडिंबरात काय चाललं होतं? ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये रॉबर्ट ली यांनी 1863 मध्ये साधी हार्मोनियम आणून ठेवली, म्हणून स्कॉटलंडच्या धर्मसभेत रणं माजली होती. म्हणजे इकडे मराठी माणूस ज्याला ‘साहेबांच्या देवळातलं वाद्य’ समजत होता, ते खुद्द साहेबांच्या देवळातही पुरतं स्थिरावलेलं नव्हतं.

मिशनच्या मागोमाग जो ऑर्गन आला तो नळ्यांचा नव्हता. नळ्यांचा ऑर्गन म्हणजे भिंतभर पसरलेला कारखाना. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलसारख्या सरकारी आश्रयाच्या चर्चला तो परवडायचा. नगर-सोलापूरकडे आला तो पायाने हवा भरायचा, पितळी सुरांचा ऑर्गन. मेसन अँड हॅम्लिन ही कंपनी 1854 मध्ये बोस्टनला निघाली. व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोच्या एस्टी कंपनीने तर पुढच्या काळात असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले. मिशनचं मुख्य कार्यालय बोस्टनला आणि हे कारखाने त्याच मुलखात. शिकागोच्या बिलहॉर्न कंपनीचा घडीचा ऑर्गन तर मिटला की चक्क पेटाऱ्यासारखा उचलता येई. धर्मोपदेशकांत आणि लष्करी पाद्र्यांत तो फार चालला.

असा पायाचा ऑर्गन कधी उघडा पाहायला मिळाला तर जरूर पाहावा. खाली दोन पावट्या. डावा-उजवा पाय आळीपाळीने दाबायचा. आपल्या हातपेटीत भात्याने हवा बाहेर लोटली जाते. इथे उलटं आहे. भाता हवा ओढून घेतो आणि पोकळी तयार करतो. पट्टी दाबली की बाहेरची हवा त्या पोकळीत धावते आणि वाटेतल्या पितळी जिभेला थरथरवून जाते. फुंकलेल्या हवेपेक्षा ओढलेल्या हवेचा सूर मऊ लागतो. त्यामुळे हा ऑर्गन पेटीसारखा कानात घुसत नाही, पसरतो. पट्ट्यांच्या वर गोल चकत्यांच्या खुंट्यांची रांग असते आणि प्रत्येकीवर भारदस्त नाव. त्यातली ‘व्हॉक्स ह्यूमाना’ म्हणजे ‘मानवी आवाज’ ही खुंटी मला नेहमी गमतीची वाटते. ती ओढली की आत एक छोटा पंखा गरगर फिरायला लागतो आणि सुराला कंप येतो. कंप म्हणजे माणसाचा आवाज, ही कल्पना युरोपीय. आपल्याकडे आवाज कापला तर गुरुजी गाणं थांबवतात. पट्ट्यांच्या खाली गुडघ्याजवळ एक फळी असते. हात पट्ट्यांवर आणि पाय पावट्यांवर गुंतलेले असताना आवाज वाढवायचा तर गुडघ्याने ती ढकलायची. चांगला वादक म्हणजे अक्षरशः हात, पाय आणि गुडघे एका वेळी कामाला लावणारा माणूस.

पितळी सूर सोलापूरला मानवले त्यामागे हवामानाचाही हात आहे. नळीतल्या सुराची उंची आतल्या हवेतून ध्वनी किती वेगाने जातो यावर ठरते, आणि हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. तापमान 1 अंशाने चढलं की नळीचा सूर साधारण 3 सेंटने चढतो. एका अर्धस्वराचे सेंट 100. सोलापुरात जानेवारीची पहाट 16 अंशांची आणि मे महिन्यातली दुपार 41 अंशांची धरा. फरक 25 अंशांचा, म्हणजे सुमारे 75 सेंटचा. नाताळात काळी एकमध्ये लावलेला नळ्यांचा ऑर्गन उन्हाळ्यात पांढरी दोनच्या आसपास घुटमळू लागेल. सगळ्या साध्या नळ्या एकदमच चढतात म्हणून त्या आपसात भांडत नाहीत, पण त्याच ऑर्गनमधल्या जिभेच्या नळ्या मात्र मागे राहतात आणि मग कलकलाट होतो. सुट्ट्या पितळी जिभेला हवेच्या गरमीशी फारसं देणंघेणं नसतं. पितळ तापून थोडं मऊ पडतं तेवढाच काय तो फरक. अशी जीभ एकदा नीट लावली की वर्षानुवर्षं टिकते. सूर चढवायचा तर जिभेचं टोक किंचित खरवडायचं, उतरवायचा तर बुडाकडे खरवडायचं. एवढी कारागिरी तालुक्याच्या गावातही सापडते. लाकूड तडकतं, भात्याचं कापड झुरळं-उंदीर कुरतडतात, वाळवी लागते, ही दुखणी आहेतच. पण ती सुताराच्या आणि चांभाराच्या आवाक्यातली आहेत, त्यांच्यासाठी लंडनहून माणूस बोलवावा लागत नाही.

याच कुळातली हार्मोनियम अलेक्झांडर दबँ याने 1842 मध्ये पॅरिसला स्वतःच्या नावावर नोंदवली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पर्वात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय कापले, भाता मागे आणला आणि तिला जमिनीवर बसवलं. जमिनीवर बसल्याबरोबर ती आपली झाली. ज्या वाद्याने चर्चची वाट धरून हिंदुस्थानात प्रवेश केला, ते भजनाच्या फडात, तमाशाच्या बोर्डावर, कव्वालीत आणि लग्नाच्या मांडवात जाऊन बसलं. पायपेटी आणि ऑर्गन मात्र मराठी नाटक मंडळ्यांनी उचलले. बालगंधर्वांच्या पदांमागचा तो भरदार, सलग सूर ऑर्गनचा. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला, पुढे गोविंदराव पटवर्धनांनी पेटी आणि ऑर्गन दोन्ही गाजवले. नाट्यसंगीताच्या शौकिनाला ऑर्गन म्हटलं की ‘स्वयंवर’ आठवतं, चर्च आठवत नाही.

इतकं होऊनही दिल्लीने पेटीला परकी ठरवलं. ठोकळेबाज बारा सुरांची, मींड न काढता येणारी, श्रुतींचा खून करणारी, असे आरोप ठेवून आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती जवळपास तीस वर्षं टिकली. आरोप खोटे नव्हते. पण सोलापूरच्या चर्चमध्ये गाणाऱ्या माणसाला श्रुती नको होती, आधार हवा होता. मींड ज्याची त्याने गळ्यातून काढावी.

आता तारांकडे वळू. बायबलमधली स्तोत्रं म्हटली की चित्रकार दावीद राजाच्या हाती हार्प देतात. दावीदाच्या हातात खरं तर त्या काळचं छोटं लायर असावं, पण चित्रकारांपुढे कुणाचं चालतं? युरोपात हार्प आणि ऑर्गन ही जोडी कशी एकमेकांच्या जागी बसू शके, याचा एक मजेदार नमुना आहे. हँडलने 1736 मध्ये हार्पसाठी एक कन्चेर्तो रचला, आणि दोन वर्षांनी तोच कन्चेर्तो ऑर्गनसाठी म्हणून छापून निघाला. सूर तेच. वाद्य कुठलं, हे जमेल तसं. दक्षिण अमेरिकेत जेझुइटांच्या वसाहतींतून हार्प गेली आणि पॅराग्वेच्या लोकांनी ती इतकी आपली केली की आज ती त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य मानली जाते. चर्चमधून लोकांत, ही वाट पेटीने एकटीनेच चाललेली नाही.

हार्प आपल्याला परकी वाटते याचं कारण आपण आपली हार्प विसरलो. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजा मांडीवर जी वीणा घेऊन बसला आहे ती आजच्या अर्थाने वीणा नाही, ती धनुष्याकृती हार्प आहे. भारहूतच्या शिल्पांतही ती दिसते. पहिलं सहस्रक सरता सरता ती हिंदुस्थानातून जवळजवळ नाहीशी झाली. ब्रह्मदेशात मात्र ‘साँग’ या रूपात ती अजून वाजते, आणि मध्य प्रदेशात मंडल्याकडच्या परधानांच्या बिनबाजात तिचा धागा शिल्लक आहे.

महाराष्ट्रात ती जागा भोपळ्याच्या वाद्यांनी घेतली, आणि या बाबतीत सोलापूर जिल्हा कुणाच्या मागे नाही. मिरजेचे तंबोरे-सतारी जगभर जातात, 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्यांचे भोपळे पिकतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमाकाठी. काठावरच्या मळ्यांत मोठाले कडू भोपळे वेलावरच पोसायचे, पुरते वाळू द्यायचे, मग मिरजेला रवाना करायचे. याच रानातल्या छोट्या भोपळ्याची एकतारी होते. एक भोपळा, एक दांडी, एक तार. तिच्यावर सूर एकच निघतो, आणि तिचं सगळं सामर्थ्य त्यातच आहे. गाणारा कुठेही भरकटला तरी षड्ज जागचा हलत नाही. अडाणी गळ्यांचा जमाव सांभाळण्याचं जे काम ऑर्गन डझनभर खुंट्या ओढून करतो, तेच ही एका तारेवर करते.

ती चर्चमध्ये आणली कीर्तनाने. लावणीचा बादशहा राम जोशी हा सोलापूरचा, 1762 चा जन्म. तमाशाच्या बोर्डावरून उठून तो पुढे कीर्तनाला उभा राहिला. एकाच माणसाच्या गळ्यात डफ-तुणतुणं आणि टाळ-मृदंग दोन्ही नांदू शकतात, हे या शहराने पार पेशवाईत पाहिलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी नारदीय कीर्तनाचा साचा जसाच्या तसा उचलला. पूर्वरंगात वचनाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यानाला उधळ्या पुत्राची गोष्ट असली की निम्मं काम आधीच झालेलं असे, कारण बापाचं घर सोडून गेलेला आणि कफल्लक होऊन परतलेला मुलगा कुठल्या गावात नसतो? ओवी, साकी, दिंडी, आर्या, कटाव, सगळा सरंजाम आला. पेटी, तबला, झांज, एकतारी आली. सांगळ्यांची पदं आजही गायली जातात.

मराठी कीर्तनाला असं परक्या घरी जाऊन राहण्याची जुनी सवय आहे. तंजावरला गेलेल्या मराठी कीर्तनकारांच्या ढंगावर तिथली हरिकथा पोसली. त्याच तंजावरात सरफोजीराजांच्या पदरी वेदनायगम शास्त्री हा तमिळ ख्रिस्ती कवी होता. लहानपणी दोघांवरही श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचे संस्कार झाले होते. त्याच्याही आधी, 1616 मध्ये, गोव्यात थॉमस स्टीफन्सने दहा हजारांवर ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं आणि ते चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे म्हटलं जाऊ लागलं. स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण त्याने इंग्रजी छंद आणला नाही. ओवीच घेतली. दोनशे वर्षांनी आलेल्या अमेरिकनांनी सुरुवातीला नेमकं उलटं केलं.

हेन्री बॅलंटाइन हे नगरचे मिशनरी, 1835 पासून 1865 पर्यंत इथे राबले. त्यांनी इंग्रजी गीतांची मराठी रूपं केली, ती मूळ चालींवर म्हणता यावीत अशी. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. इंग्रजी उपासनागीतांचा सर्वांत वापरात असलेला साचा म्हणजे 8-6-8-6 अक्षरांचा. मराठी अभंग 6-6-6-4 चा. दोन्ही अक्षरं मोजणारे, दोन्ही लोकांच्या तोंडी सहज बसणारे, चुलतभावंडं शोभावीत असे. पण इंग्रजी कवी अक्षरांबरोबर आघातही मोजतो. एक हलकं, एक जड, एक हलकं, एक जड अशी त्याची चाल चालते, आणि गाण्यात जड अक्षरावर ठोका पडतो. मराठीत अक्षराचं वजन ऱ्हस्व-दीर्घावर. आता अशा चालीवर ‘देवा’ हा शब्द आरंभी ठेवला की ‘दे’ पळता येतो आणि ‘वा’वर ठोका बसून तो ताणला जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी तरी लांबून हाका मारतंय. ‘प्रभू’, ‘दया’, ‘कृपा’, ‘सदा’, ‘तुझा’, ‘मला’ हे शब्द मात्र या चालीला जन्मतः चपखल आहेत. पहिलं अक्षर लघु, दुसरं गुरू. भाषांतरित गीतं वाचताना असे शब्द ओळीच्या आरंभी आले आहेत का, ते पाहत जावं. ओळ सुखाने का म्हणता येते आणि कुठे अडखळते, याचा उलगडा बहुतेक वेळा तिथेच होतो. अर्थात भक्ती पक्की असली की मंडळी आघातबिघात सगळं गिळून टाकते. तीन-चार पिढ्या गाइलेली अडखळही शेवटी चालीचाच भाग होते.

ही कोंडी फोडली नारायण वामन टिळकांनी. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले, तेव्हा ते मराठीतले नावाजलेले कवी होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते उघडपणे सांगत. त्यांना अभंग शिकावा लागला नाही. ‘उपासना संगीत’मध्ये अडीचशेच्या आसपास गीतं एकट्या टिळकांची आहेत, असं पूर्वीचे अभ्यासक नोंदवतात. यात नुसती भर पडली असं नाही, पुस्तकाचा तोलच फिरला. मिशनरी भाषांतरात माणूस सभ्यपणे देवापुढे उभा असतो. टिळकांच्या पदांत तो रुसतो, हट्ट करतो, पाय धरतो. हा सूर लागला की ऑर्गनवाल्याची अडचण होते, कारण त्याच्या डाव्या हाताला आता काय वाजवावं ते कळेनासं होतं.

विलायती चालीत डावा हात भरीचे सूर देतो. तीन-चार सूर एकदम दाबले जातात, पुढच्या ओळीला ते बदलतात आणि चालीला कुठे तरी निघाल्याची, कुठे तरी पोहोचल्याची जाणीव देतात. भीमपलासीच्या वळणाच्या चालीखाली असे सूर बदलत गेलात तर राग विटतो. तो एका जागी राहून खोल जाणारा. जाणता वादक अशा वेळी डाव्या हाताची फक्त दोन बोटं ठेवतो, सा आणि पंचम, आणि ती गाणं संपेपर्यंत उचलत नाही. ऑर्गनची एकतारी होते. उलट विलायती चालीला तबलजी ठेका धरतो तेव्हा तीन ठोक्यांच्या चालीला दादरा आणि चारांच्या चालीला केरवा बेमालूम बसतो. मात्र ओळीच्या शेवटी सूर लांबवून थांबायची विलायती रीत आहे, तिथे तबला पुढे पळतो आणि गाणारे मागे राहतात. हा तंटा बहुतेक मंडळ्यांत आहे आणि तो मिटण्याचं काही चिन्ह नाही.

चार आवाजांच्या क्वायरची कथा जरा वेगळी. बायकांचे दोन आवाज, पुरुषांचे दोन, चौघांच्या चार वेगळ्या चाली, आणि त्या मिळून एक गाणं, हे आपल्या कानाला मुळातून नवं. आपल्याकडे हजार वारकरी एकच सूर लावतात आणि त्यातच भव्यता मानतात. मिझोराममध्ये मिशनऱ्यांनी टॉनिक सोल्फा ही अक्षरांची स्वरलिपी शिकवली आणि तिथे चार आवाज गावोगाव रुजले. गोव्यात पॅरिशच्या शाळांतून मेस्तांनी, म्हणजे तिथल्या संगीतशिक्षकांनी, पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं. त्याच पोरांतून पुढे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा असे वादक-संयोजक मुंबईच्या सिनेमात आले. हिंदी गाण्यांमागे व्हायोलिनांची जी भर ऐकून आपण माना डोलावतो, तिची तालीम गोव्याच्या चर्चच्या माडीवर झालेली आहे. मराठी मुलखात हे इतकं खोल गेलं नाही. इथे क्वायर नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणापुरती जोर धरते, महिनाभर तालमी होतात, हँडलच्या ‘मसाया’तला हाल्लेलूया कोरस बसवायचा घाट घातला जातो. खर्जातल्या आवाजाची माणसं मिळत नाहीत, ही तक्रार कायमची. मिळालेली माणसंही बाजूच्या बायका मुख्य चाल गायला लागल्या की हळूच त्यांना जाऊन मिळतात. मला यात कमीपणा वाटत नाही. एकसुरी गाण्याची ओढ फार जुनी आहे, ती महिन्याभराच्या तालमीने सुटायची नाही.

कॅथलिक मंडळींत बदल उशिरा आला पण एकदम आला. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होती. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जो ठराव केला, त्यात नळ्यांच्या ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडलं, आणि लोकांच्या भाषेलाही. पुढच्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक परिषद भरली, पोप पॉल सहावे आले, आणि अंधेरीच्या ज्ञान आश्रमाच्या जॉर्ज प्रॉक्श यांची भजनं आणि नृत्यं जगभरच्या पाहुण्यांनी पाहिली. प्रॉक्श मूळचे जर्मनभाषक. प्रोटेस्टंटांना सांगळे-टिळकांच्या काळी जे घरातून मिळालं होतं, ते कॅथलिकांना रोमची परवानगी घेऊन मिळालं. दोघांचा मुक्काम मात्र एकाच गावी, पेटी-तबल्यापाशी.

गेल्या तीसेक वर्षांत या सगळ्यांवर मात केली ती विजेवरच्या कीबोर्डने. पायाच्या ऑर्गनचे सुटे भाग मिळत नाहीत, भाता शिवणारा म्हातारा झाला, आणि पेटीचा आवाज मोठ्या चर्चला पुरत नाही. कीबोर्डात ऑर्गन आहे, हार्प आहे, स्वरमंडळ आहे, तबलाही आहे, एक बटण दाबलं की झालं. पट्टी चढवायची-उतरवायची सोय तर इतकी झकास की काळ्या पट्टीला घाबरणारा नवशिकाही कुठल्याही सुरात साथ करतो. तरुण संघाला ते आवडतं, आणि का आवडू नये? तक्रार एकच आहे, आणि ती रास्त आहे. यंत्रातला ठेका कुणासाठी थांबत नाही. मंडळी म्हणजे काही एका मापाचा जथा नव्हे. पहिल्या कडव्याला ती रेंगाळते, ओळखीच्या कडव्याला धावते, शेवटच्या ओळीला भारावून मंदावते. पायाने भाता मारणारा वादक तिच्या श्वासाबरोबर आपला भाता आवरायचा किंवा सोडायचा. म्हणून जुन्या वळणाचे वादक कीबोर्डातला ठेका बंद ठेवतात, ऑर्गनचा आवाज लावतात आणि डोळे वहीऐवजी मंडळीवर ठेवतात. पेटीही अजून माळ्यावर गेलेली नाही. उन्हाळ्यात ऐन उपासनेत वीज गेली, की कीबोर्डवाला हात मागे घेतो आणि कुणी तरी सवयीने पेटीचा भाता सोडून पुढची ओळ उचलतं.